सुगीची शिल्लक

मराठवाड्यातील जालना हे गाव व्यापाराबद्दल जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हणच त्या भागात रूढ आहे. परंतु या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे सोने आभाळावर अवलंबून असते. एखाद्या वर्षी सुगी उत्तम साधते, तर एखाद्या वर्षी मृगही कोरडा जातो आणि हस्तही.

मोसंबी हे या जिल्ह्याचे नामांकित फळ होय. मोसंबीचे झाड लावल्यापासून सुमारे पाच वर्षांनी चांगली फळे देऊ लागते. तोपर्यंत त्यावर खर्चच होत असतो. बाग ही एक ठेवच आहे. मात्र पाण्यावाचून ती जगत नाही. २०१२ साली पाऊस फार अपुरा झाला. विहिरी आटल्या. काही शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविली; पुष्कळांना ते परवडले नाही. वाळलेल्या बागांवर त्यांना स्वतःच्याच हातांनी कुऱ्हाड चालवावी लागली. वर्षानुवर्षे जपलेली ठेव सरपणाच्या भावाने गेली.

जालना तालुक्यातील कडवंची हे गावही अवर्षणाच्याच पट्ट्यात आहे. तरी तेथील द्राक्षबागा त्या दुष्काळात टिकून राहिल्या. याचे कारण आधीच्या वर्षांत शोधावे लागते. १९९६ ते २००२ या काळात तेथे पाणलोटाची कामे झाली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन गावाला लाभले. माथ्यावर चर खणले, शेतांना बांध घातले, ओढे अडविले. विहिरींचे पाणी वाढले. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी खोदली व पाणी मुरू नये म्हणून तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरला. पावसाळ्यात विहीर भरलेली असतानाच तिचे पाणी तळ्यात साठवायचे आणि उन्हाळ्यात ठिबकने थेंबथेंब बागेला द्यायचे, असा तेथील क्रम आहे. तळ्यासाठी पिकाऊ जमिनीचा तुकडा कायमचा सोडावा लागतो. भरल्या विहिरीकडे पाहून असा त्याग करणे सोपे नसते!

पाण्याची शिल्लक अवर्षणात उपयोगी पडते, गारपिटीत नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारा कोसळल्या आणि हाताशी आलेली पिके झोडपून निघाली. अशा वेळी पीकविम्याचा आधार होतो. पण विम्याची रक्कम हाती येईपर्यंतही घर चालवावे लागते. म्हणून जाणती माणसे सुगीतच थोडे धान्य कणगीत राखतात, थोडा पैसा पोस्टात किंवा बँकेत ठेवतात. पोस्टाची बचत बँक तर १८८२ सालापासून आपल्या देशात चालू आहे.

शिल्लक नसली म्हणजे काय होते, हे हिशेबाने कळते. दरसाल दरशेकडा ७ दराने चक्रवाढीने ठेवलेले १,००० रुपये दहा वर्षांत सुमारे १,९६७ रुपये होतात. तेच १,००० रुपये अडचणीच्या वर्षी सावकाराकडून दरमहा शेकडा ३ दराने उचलले आणि व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात चढत गेले, तर दोनच वर्षांत २,०३३ रुपये फेडावे लागतात.