शिकारीची जमीन आणि तिची मालकी

जमीन विकत घेतली म्हणजे तिच्यावरचे सर्व काही आपले झाले, ही समजूत शेतकऱ्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी ठरते. पीक त्याचे, झाडे त्याची. परंतु जो मनुष्य शिकारीसाठी जमीन घेतो त्याची गोष्ट निराळी आहे. ज्या वस्तूसाठी तो पैसे मोजतो ती खरेदीखतात नसतेच. हरीण आज या रानात चरते, उद्या शेजारच्या रानात जाते, आणि ते मारले जाईपर्यंत दोन्ही मालकांपैकी कोणाचेही नसते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा खाजगी शिकारभूमीची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर चालते. तेथे केवळ धनिकच नव्हे, तर बेताच्या ऐपतीची माणसेही आयुष्याची बचत घालून चाळीस-ऐंशी एकरांचा तुकडा घेतात. या मालकीचे स्वरूप समजून घेण्यास म्हणूनच तो देश सोयीचा आहे.

भारतीय वाचकाला शिकारीचे राखीव रान म्हटले की संस्थानिक आठवतात. भरतपूरच्या केवलादेव येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा ठिकाणी रानाचा धनी, कायदा करणारा आणि न्याय देणारा एकच असे. मालकीच्या अडचणी त्याला कशा जाणवाव्यात? त्या जाणवत त्या भोवतालच्या गावांना. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी तो अध्याय संपवला.

अमेरिकेतील परंपरेचे मूळ इंग्लंडविषयीच्या रोषात आहे. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने शिकारीचा अधिकार मुख्यतः सालीना १०० पौंड उत्पन्न देणारी जमीन बाळगणाऱ्यांपुरता ठेवला होता, आणि ही अट १८३१ पर्यंत टिकली. लहान शेतकऱ्याला स्वतःच्या वावरातला ससाही मारता येत नसे. अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांना हे नको होते. व्हरमाँटच्या १७७७ च्या राज्यघटनेत तर कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकार करण्याचे स्वातंत्र्य रहिवाशांना स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. पुढे १८०५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे एका कोल्ह्याचा खटला आला. एकजण शिकारी कुत्र्यांसह कोल्ह्याचा पाठलाग करीत होता. दुसऱ्याने मध्येच येऊन तो मारला व उचलून नेला. केवळ पाठलागाने हक्क उत्पन्न होत नाही. प्राणी ताब्यात आला पाहिजे, असा निर्णय बहुमताने झाला. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. वन्य प्राणी हे राज्यातील जनतेचे आहेत, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात रुजत गेले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या ‘मालकी’ची ही भाषा बाजूला सारली, तरी नियमनाचा अधिकार राज्याकडेच राहिला. हंगाम कोणता, किती जनावरे मारावयाची, कोणत्या हत्याराने, हे सर्व राज्य ठरवते. जमिनीच्या मालकाला काही राज्यांत परवान्यात सवलत मिळते, एवढेच.

तेव्हा विकत मिळते ती जमीन, आणि तिच्यावर इतरांना येऊ न देण्याचा अधिकार. पण ही जमीनसुद्धा पुष्कळदा पुरती मिळत नाही. पहिली अडचण वाटेची. डोंगराळ भागात स्वस्तात विकाऊ असलेले तुकडे चारही बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनींनी वेढलेले आढळतात. विकणारा मनुष्य शेजाऱ्याच्या स्नेहावर इतकी वर्षे ये-जा करीत आलेला असतो. स्नेह खरेदीखताबरोबर हस्तांतरित होत नाही. वहिवाटीचा हक्क लेखी व नोंदलेला नसेल तर नव्या मालकाला फाटकाशी उभे राहून विनवणी करावी लागते, नाही तर न्यायालयात जावे लागते. दुसरी अडचण भूगर्भाची. टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत जमिनीखालील खनिजांचा हक्क दोन-तीन पिढ्यांपूर्वीच वेगळा विकलेला असू शकतो. असा हक्क धारण करणारी तेल वा वायूची कंपनी शांत रानात रस्ता पाडून विहीर खोदू लागली, तर वरच्या मालकाला बहुधा तिला अडवता येत नाही. उभ्या लाकडाचा सौदाही कधी आधीच झालेला असतो. जुनी कागदपत्रे तपासणे आणि हद्दीची मोजणी करून घेणे, या दोन गोष्टींवरचा खर्च वाचवणारा मनुष्य पुढे त्याच्या कित्येक पट खर्च करतो.

आता प्राण्याकडे वळू. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे तेथील शिकाऱ्याचे मुख्य लक्ष्य. त्याचा नेहमीचा वावर प्रदेशानुसार बदलतो. परंतु प्रौढ नराला कित्येकशे एकर, काही ठिकाणी एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकरही लागतात. वर्ष-दीड वर्षाचे नर तर जन्मस्थान सोडून मैलोगणती दूर जातात. ऐंशी एकरांचा मालक चारा पेरतो, लहान नरांना जीवदान देतो, आणि शेजारी पहिल्याच दिवशी त्यातलाच एक टिपतो. यात अन्याय असा काही नाही. म्हणून समंजस मालक कुंपणाऐवजी शेजाऱ्यांशी करार करतात आणि कोणते जनावर सोडावयाचे हे मिळून ठरवतात. माझ्या मते शिकारीच्या जमिनीवर केलेल्या कोणत्याही खर्चापेक्षा हा करार अधिक फलदायी असतो.

ज्यांना हा मार्ग रुचत नाही व ज्यांच्याजवळ पैसा आहे, ते उंच कुंपण घालतात. टेक्सासमध्ये, जेथे सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे, हा प्रकार विशेष दिसतो. तेथेही कुंपणातले रानटी हरीण कायद्याने जनतेचेच राहते. शिवाय दाटीने ठेवलेल्या जनावरांत रोगाचे भय अधिक. हरणांना झिजवून मारणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा असाध्य रोग प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्येच लक्षात आला. त्याचे दूषण मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते, आणि रोग सापडलेल्या भागांत हरणांना खाद्य घालण्यावर अनेक ठिकाणी बंदी येते.

चोरून शिरणाऱ्यांचा प्रश्न त्याहून जुना. मालक बहुधा दूरच्या शहरात राहतो, ही गोष्ट आसपासच्या सर्वांना ठाऊक असते. पाट्या लावाव्यात तर त्या उपटल्या जातात; यावर तोडगा म्हणून कित्येक राज्यांनी झाडांवरील जांभळ्या पट्ट्यांना ‘प्रवेश बंद’ या पाटीचे कायदेशीर मोल दिले आहे. टेक्सासच्या नियमानुसार पट्टा उभा, किमान आठ इंच लांब व एक इंच रुंद, आणि रानात दर शंभर फुटांच्या आत असावा लागतो.

मात्र इतरांना बाहेर ठेवण्याच्या या अधिकारालाही मर्यादा आहे. वायोमिंगमध्ये १८६० च्या दशकापासून रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोनी तुकडे दिले गेले. त्यामुळे सरकारी व खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी विभागली गेली. २०२१ साली चार शिकाऱ्यांनी दोन सरकारी चौकोन जेथे कोपऱ्याला कोपरा लावून मिळतात तेथे शिडी वापरून, खाजगी मातीला पाय न लावता, पलीकडे प्रवेश केला. आपल्या हवेतून ते गेले, असा मालकाचा दावा होता. फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले, आणि मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने निर्णय दिला. त्यासाठी सरकारी जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याचा आधार घेतला गेला. ज्यांनी मधल्या सरकारी जमिनीवर आपलाच एकाधिकार गृहीत धरून किंमत मोजली होती, त्यांचा हिशेब येथे चुकला.

सर्वांत कठीण वेळ येते ती मालकाच्या मृत्यूनंतर. तीन-चार मुलांच्या नावे जमीन सामाईक होते. त्यांतील एकाला शिकारीची आवड, बाकीच्यांना पैशाची निकड. सामाईक मालकांपैकी कोणीही वाटणीचा दावा लावू शकतो. मग जमीन विकली जाते, तिचे घरांसाठी तुकडे पडतात, आणि त्याचा परिणाम शेजाऱ्यालाही भोगावा लागतो. पेनसिल्व्हेनियात वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत, राहणाऱ्याच्या परवानगीवाचून, बंदुकीने शिकार करता येत नाही. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे साडेचौदा एकर सामावतात. शेजाऱ्याने हद्दीलगत एक घर बांधले की त्यातले सातएक एकर आपल्या बाजूला पडतात. अशी तीन घरे अंतराअंतराने उभी राहिली, तर चाळीस एकरांच्या मालकाजवळ बंदूक चालवण्यास निम्मेही रान उरत नाही. कर मात्र चाळीस एकरांचाच भरावा लागतो.