वैद्यकीय कारकीर्द आणि परकीय भाषा

भारतातील वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून होते. त्यामुळे इंग्रजी आली की जगातील कोणत्याही रुग्णालयाचे दार उघडते, असा समज आपल्याकडे सर्वसाधारणपणे आढळतो. पाठ्यपुस्तके, संशोधनपत्रिका आणि औषधांची नावे यांच्यापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु रुग्ण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलत नाही. जर्मनीतील वृद्ध स्त्री, चीनमधील शेतकरी किंवा उपचारासाठी दिल्लीत आलेला इराकी गृहस्थ आपले दुखणे स्वतःच्या घरच्या भाषेतच सांगतो. पदवीच्या शिक्षणाचे माध्यम आणि रुग्णकक्षातील भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी शिक्षण वा नोकरीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याचे वेळेचे आणि पैशाचे मोठे नुकसान होते ते बहुधा हा फरक उशिरा लक्षात आल्यामुळे.

रोगनिदानाचा मोठा भाग रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवर उभा असतो. ही हकिगत शब्दकोशातील अर्थांवर भरवसा ठेवून समजत नाही. मराठीचेच उदाहरण घ्यावे. ‘पित्त’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ यकृतात तयार होणारा पाचकरस असा आहे. पण ‘पित्त झाले आहे’ असे म्हणणारा रुग्ण छातीतील जळजळ, मळमळ किंवा डोकेदुखी सांगत असतो, आणि ‘अंगावर पित्त उठले’ म्हणणाऱ्याच्या त्वचेवर गांधी आलेल्या असतात. शब्द एकच, तक्रारी चार आणि उपचारही वेगवेगळे. मराठी नुकतीच शिकलेल्या परदेशी डॉक्टरला येथे ठेच लागणे स्वाभाविक आहे.

अशीच ठेच अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९८० साली एका अठरा वर्षांच्या तरुणाला आयुष्यभराची महाग पडली. त्याला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. क्यूबामधून आलेल्या त्याच्या स्पॅनिश भाषक कुटुंबीयांनी ‘इन्टॉक्सिकादो’ हा शब्द वापरला. बाधक काहीतरी पोटात गेल्याने प्रकृती बिघडली, एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत होता. डॉक्टरांनी मात्र तो सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दाशी जुळवला आणि मादक पदार्थांच्या अतिसेवनावरील उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो उशिरा लक्षात आला आणि तरुणाचे दोन्ही हात व दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे ७.१ कोटी डॉलरची भरपाई ठरली. दुभाषा बोलवावा असे त्या वेळी कोणालाच वाटले नाही, कारण शब्द समजला अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. अजिबात न येणाऱ्या भाषेपेक्षा अर्धवट येणारी भाषा अधिक धोक्याची ठरते, ती अशी.

हा धोका इंग्रजीबाबतही संभवतो. बर्लिनमधील एका रुग्णालयात २००६-०७ या काळात ४७ रुग्णांवर गुडघ्याचे कृत्रिम सांधे चुकीच्या पद्धतीने बसवले गेले. सांधा सिमेंटने पक्का करावयाचा होता. वेष्टनावरील इंग्रजी मजकुराचा अर्थ ‘सुटे भाग नसलेला, सिमेंटने बसवण्याचा’ असा होता. तो ‘सिमेंटची गरज नसलेला’ असा वाचला गेला. ही चूक सुमारे वर्षभर कोणाच्याच लक्षात आली नाही.

भाषेची कायदेशीर चाचणी

अशा घटनांमुळे अनेक देशांनी भाषेला वैद्यकीय परवान्याच्या अटींमध्ये स्थान दिले. ब्रिटनची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. युरोपीय संघातील मुक्त संचाराच्या नियमांमुळे तेथील सदस्य देशांतून येणाऱ्या डॉक्टरांची भाषाचाचणी घेण्याचा अधिकार ब्रिटिश वैद्यक परिषदेला नव्हता. भारतीय डॉक्टरांना मात्र ती द्यावी लागत असे. २००८ साली जर्मनीहून तात्पुरत्या सेवेसाठी आलेल्या एका डॉक्टरने रुग्णाला वेदनाशामकाची दहापट मात्रा दिली आणि रुग्ण दगावला. अपुऱ्या इंग्रजीमुळे या डॉक्टरला अन्य एका ठिकाणी आधी नाकारण्यात आले होते, हे नंतर उघड झाले. अखेर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि परिषदेला युरोपीय डॉक्टरांचीही भाषा तपासता येऊ लागली. भाषेची अट म्हणजे परकीयांना अडवण्याची युक्ती, अशी तक्रार आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नसेलही. पण या अटीमागे रुग्णसुरक्षेचा इतिहास आहे, हे विसरता येत नाही.

जर्मनीतील पद्धत अधिक तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल, कारण भाषेकडे चिकित्साकौशल्य म्हणून कसे पाहावे याचा तो चांगला नमुना आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. जर्मनीत डॉक्टर म्हणून परवाना मिळवण्यासाठी सर्वसाधारण जर्मन बी-२ पातळीची, तर वैद्यकीय जर्मन सी-१ पातळीची असावी लागते. दुसरीसाठी ‘फाखश्प्राखप्र्युफुंग’ ही स्वतंत्र परीक्षा असते. तिचे साधारणतः वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्यात उमेदवार रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीकडून आजाराची हकिगत जाणून घेतो. दुसऱ्यात ती वैद्यकीय पत्राच्या स्वरूपात लिहून काढतो आणि तिसऱ्यात तीच माहिती वरिष्ठ डॉक्टरसमोर मांडतो. ही परीक्षा वैद्यकीय ज्ञानाची नसते. एकच आजार रुग्णाशी एका भाषेत आणि सहकाऱ्याशी दुसऱ्या भाषेत बोलता येतो का, हे त्यात पाहिले जाते. डॉक्टर आपसात ‘डायबेटीस’ म्हणतील. रुग्ण म्हणेल ‘त्सुकरक्रांकहाइट’, म्हणजे शब्दशः साखरेचा आजार. ‘मला शुगर आहे’ असे सांगणाऱ्या आपल्याकडील रुग्णाची येथे आठवण व्हावी. लॅटिन-ग्रीक परिभाषा पाठ असलेल्या हुशार उमेदवाराचे पाय अडखळतात ते या बोलीभाषेतच.

परिचारिकांपुढील संधी

वृद्धांची संख्या वाढत असलेल्या देशांना डॉक्टरांपेक्षाही परिचारिकांची उणीव अधिक जाणवते. केरळ शासनाच्या ‘नॉर्का रूट्स’ या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन यंत्रणांशी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमाचा करार केला. त्यात परिचारिकांना प्रस्थानापूर्वी भारतातच जर्मन शिकवले जाते आणि उर्वरित भाषाशिक्षण व पात्रतेची मान्यता जर्मनीत पूर्ण होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यातही शुश्रूषा क्षेत्राचा समावेश आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले.

हे आकडे आकर्षक आहेत. परंतु त्यांच्याबरोबर आणखी एक आकडा वाचला पाहिजे. शून्यापासून बी-२ पातळी गाठण्यासाठी ४५ मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात, असा गोएथे संस्थेचा अंदाज आहे. ‘तीन महिन्यांत जर्मन’ अशी जाहिरात वाचताना परीक्षार्थींनी हा हिशेब स्वतःच करून पाहावा.

घाईचा परिणाम काय होतो, हे जपानच्या अनुभवावरून दिसते. आर्थिक भागीदारी करारानुसार २००८ पासून इंडोनेशियातील आणि २००९ पासून फिलिपिन्समधील प्रशिक्षित, अनुभवी परिचारिका जपानमध्ये दाखल झाल्या. परवान्यासाठी त्यांना जपानी भाषेतील राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागे. २००९ मध्ये त्यांपैकी कोणीही उत्तीर्ण होऊ शकले नाही; २०१० मध्ये केवळ तिघे झाले. त्यांना शुश्रूषा येत नव्हती असे नव्हे. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणाऱ्या शय्याव्रणासाठी प्रश्नपत्रिकेत अशी दुर्मीळ चित्रलिपी-चिन्हे वापरली जात, की ती सामान्य जपानी माणसालाही सहज वाचता येऊ नयेत. टीका झाल्यावर कठीण शब्द सोपे करण्यात आले, चिन्हांशेजारी उच्चार छापले जाऊ लागले आणि परदेशी उमेदवारांना वाढीव वेळही मिळाला. भारत व जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या विशिष्ट कुशल कामगारांविषयीच्या करारात रुग्ण व वृद्ध परिचर्येचा समावेश आहे. त्यासाठी जपानीची प्राथमिक चाचणी आणि परिचर्येतील जपानीची वेगळी चाचणी, अशा दोन्ही द्याव्या लागतात.

इंग्रजी माध्यम, पण रुग्ण कोणत्या भाषेचा?

वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनुसार परदेशी पदवी भारतात ग्राह्य धरली जाण्यासाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि इंग्रजी माध्यम या अटी आहेत. त्यामुळे रशिया, चीन, किर्गिझस्तान आदी देशांतील विद्यापीठे इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या चालवतात. व्याख्यान इंग्रजीत होते. पण रुग्णालयातील रुग्ण, परिचारिका आणि रुग्णपत्रिका रशियन किंवा चिनी भाषेत असतात. स्थानिक भाषा न येणारा विद्यार्थी तपासणीच्या वेळी मागे उभा राहतो आणि चिकित्सेचा अनुभव ज्या वर्षांत मिळावयाचा तीच वर्षे बघ्याच्या भूमिकेत जातात.

बीजिंगमधील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात याकडे स्पष्टपणे लक्ष वेधले होते. चिनी भाषेची ‘एचएसके-४’ पातळी गाठल्याखेरीज पदवी मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. २०१५ ते २०२१ या काळात भारतातील पात्रता परीक्षेला बसलेल्या, चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ विद्यार्थ्यांपैकी ६,३८७ उत्तीर्ण झाल्याची आकडेवारीही त्यातच होती. या निकालाची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष भाषेवर टाकणे योग्य होणार नाही. परंतु रुग्णाशी न बोलता घेतलेले चिकित्साशिक्षण कच्चे राहणारच.

याच चीनमध्ये एका मराठी डॉक्टरने नेमका उलट मार्ग स्वीकारला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून तेथे गेले. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्या पथकात होते. कोटणीस चिनी बोलायला आणि लिहायला शिकले आणि पुढे त्याच भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाच्या संचालकपदी त्यांची नियुक्ती झाली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र युद्धभूमीवरील रुग्णालय चालवणे आणि नवे वैद्यक घडवणे त्यांना शक्य झाले त्यात भाषेचा वाटा मोठा होता, हा मुद्दा सहसा मागे पडतो.

भारतात येणारे रुग्ण

परदेशी न जाणाऱ्या डॉक्टरलाही हा विषय टाळता येत नाही. २०१९ मध्ये सुमारे ६.९७ लाख परदेशी नागरिक उपचारांसाठी भारतात आले होते. महामारीमुळे २०२० मध्ये ही संख्या १.८३ लाखांपर्यंत घसरली आणि नंतर पुन्हा वाढू लागली. दिल्ली, चेन्नई, मुंबई व हैदराबाद येथील मोठ्या रुग्णालयांत अरबी, रशियन, फ्रेंच भाषांचे दुभाषे नेमलेले असतात. दुभाष्याचे काम शब्द बदलून देण्यापुरते नसते. कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपवावे असे नातेवाइकांना वाटते आणि तेच भाषांतर करीत असतील तर संमतिपत्रावरील सहीला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून नातेवाईक किंवा रुग्ण आणणारा मध्यस्थ यांच्यापेक्षा प्रशिक्षित, तटस्थ दुभाषा केव्हाही इष्ट. डॉक्टरला त्या भाषेतील शंभर-दोनशे वाक्ये समजत असली, तरी भाषांतरात काही गळते आहे याची शंका त्याला वेळेवर येऊ शकते. अर्थात ग्रंथांतील प्रमाण अरबी आणि येमेन, सुदान किंवा इराकमधील बोली यांत बरेच अंतर आहे, याची जाणीवही हवी.

परकीय रुग्णाची भाषा नेहमीच परकीय असते असे मात्र नाही. अनेक वर्षे अशा रुग्णांत सर्वांत मोठा वाटा बांगलादेशातून येणाऱ्यांचा होता. ऑगस्ट २०२४ नंतर व्हिसांवर मर्यादा आल्याने त्यांचा ओघ बराच घटला. त्यांची बंगाली, नेपाळहून येणाऱ्यांची नेपाळी आणि श्रीलंकेतून येणाऱ्या अनेकांची तमिळ या तिन्ही भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. त्यांपैकी नेपाळीचा समावेश १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने झाला. वर्गातील बंगाली मित्राकडून चार वाक्ये शिकण्यास शुल्कही पडत नाही.

भाषेची निवड

कोणती भाषा शिकावी, याचे उत्तर उद्दिष्टावर अवलंबून आहे. जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण वा शुश्रूषासेवा करू इच्छिणाऱ्यांना जर्मनला पर्याय नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थांत किंवा मध्य व पश्चिम आफ्रिकेतील मानवतावादी वैद्यकीय कार्यात फ्रेंच विशेष उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा अधिकृत भाषा म्हणजे अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. दोन भाषांची प्रमाणपत्रे ए-२ पातळीवर सोडून देण्यापेक्षा एकच भाषा बी-२ पर्यंत नेणे केव्हाही श्रेयस्कर, कारण ए-२ पातळीवर रस्ता विचारता येतो, पण छातीतील वेदना बोचणारी, दाबल्यासारखी की जळजळीची, हे विचारता येत नाही.

प्रारंभ पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत करणे सोयीचे, कारण आंतरवासितेच्या काळात सलग वेळ मिळत नाही. मुंबई व पुण्यातील माक्स म्युलर भवन, पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे पद्धतशीर शिक्षणाची सोय आहे. व्याकरणाची पायाभरणी झाल्यावर शरीराचे अवयव, वेदनेची विशेषणे, कालावधी, औषधांच्या वेळा आणि नात्यांची नावे हा शब्दसंग्रह प्रथम हाती घ्यावा. त्यानंतर एखाद्या सोबत्याला रुग्ण कल्पून त्याची संपूर्ण हकिगत त्या भाषेत विचारण्याचा, ती दहा ओळींत लिहून काढण्याचा आणि तिसऱ्या सोबत्याला सांगण्याचा सराव आठवड्यातून दोनदा केला, तरी जर्मन परीक्षेच्या तिन्ही भागांची तयारी वेगळ्या शिकवणीविना सुरू होते.