पहिलीचे वाचन आणि वऱ्हाडी 'ळ'

इयत्ता पहिलीच्या वर्गात दिवाळीच्या सुटीनंतर पुष्कळ मुले पाठ घडाघडा म्हणू लागतात. बोट ओळीवरून फिरत असते, नजर चित्रावर असते आणि तोंडाने पाठ चाललेला असतो. हे वाचन की पाठांतर, हे ओळखणे अवघड नाही. पाठातील चारपाच शब्द फळ्यावर निराळ्या क्रमाने लिहावेत. जे मूल तेथे थांबते, त्याला पाठ येतो; वाचन येत नाही. असे मूल वरच्या वर्गात सरकत जाते, आणि तिसरीत दाट मजकुराचे पुस्तक हाती पडले की गप्प बसते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थासह वाचता यावे, असे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत ठेवले, ते याच कारणाने.

वाचनाचा पाया क्रमाने घालावा लागतो. मात्र तो क्रम वर्णमालेचा नव्हे. क, ख, ग, घ, ङ ही मांडणी उच्चारस्थानांवर आधारलेली असून शास्त्र म्हणून ती उत्तम आहे. पण पहिली दहा अक्षरे शिकूनही मुलाला वाचण्याजोगे शब्द फारसे मिळत नाहीत. 'ग म भ न' हा जुना क्रम हाताला वळण लावण्यासाठी आहे. त्यात सारखी दिसणारी अक्षरे शेजारी येतात. लिहिणाऱ्या हाताला ते सोयीचे, वाचणाऱ्या डोळ्याला घोटाळ्याचे. भ-म, घ-ध, ब-व या जोड्यांतील एक अक्षर पक्के झाल्याखेरीज दुसरे घेऊ नये.

प्रारंभी क, म, न, र, ग, व एवढी सहाच अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच कान्हा घ्यावा. सर्व मुळाक्षरे संपेपर्यंत कान्हा-मात्रा राखून ठेवण्याची रीत हानिकारक आहे, कारण बिनकान्हामात्रेचे शब्द मराठीत थोडे. या सहा अक्षरांत काका, मामा, नाक, कान, रान, गाव, नाव, वारा, मगर असे कितीतरी शब्द होतात, आणि 'मामा, काम करा' हे वाक्यही होते. 'ख' मध्ये र आणि व शेजारी बसल्यासारखे दिसतात, म्हणून तो थोडा मागाहून घ्यावा. तो आला की मुलाला 'खामगाव' वाचता येते. एक मात्रा आणि 'श' यांची भर पडली की 'शेगाव'. एस. टी. बसच्या पाटीवरचे नाव आपले आपण वाचल्याचा आनंद पाठ्यपुस्तकातील चित्राने मिळत नाही.

वेलांटीस अधिक वेळ द्यावा. 'चिखली' या एका नावात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, दुसरी नंतर. कानाला मात्र दोन्ही स्वर व्यंजनानंतरच ऐकू येतात. हे फळ्यावर उकलून दाखवावे. त्याचप्रमाणे 'कान' या शब्दातील शेवटच्या 'न'चा अ आपण उच्चारीत नाही. मूल 'का-न' असे तोडून म्हणते, त्यास चूक म्हणू नये. तुटक आवाज जोडून म्हणून दाखवावे.

बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. येथील अनेक घरांत शाळेला 'शाया', डोळ्याला 'डोया' आणि पोळ्याच्या सणाला 'पोया' म्हणतात. पाणी हे 'पानी' असते. असे मूल 'शाळा' हा शब्द पाहून 'शाया' म्हणते आणि शिक्षक त्याला तेथेच अडवितात. चार वेळा असे झाले की मूल तोंड उघडीत नाही, आणि वाचनाची खरी अडचण कोठे आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो. बोली ही अशुद्ध मराठी नव्हे. भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी सातारा जिल्ह्यातील फलटणची बोली हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला, आणि त्याच गावी प्रगत शिक्षण संस्था उभी करून मुलांच्या वाचन-लेखनाचे काम हाती घेतले. बोलीचा अभ्यास आणि वाचनाचे शिक्षण ही कामे परस्परविरोधी नाहीत.

म्हणून शिक्षकाने दोन चुकांत भेद करावा. 'फळा' पाहून मूल 'फया' म्हणाले, तर त्याने तो शब्द वाचला आहे. उच्चार त्याच्या घरचा आहे. 'फला' म्हणाले, तर ळ आणि ल यांच्या आकृतींत त्याची गफलत झाली आहे, आणि तेथे पुन्हा शिकविणे अवश्य आहे. 'य' पक्का झाल्यावरच 'ळ' घ्यावा. फळ्याचे दोन भाग करून एका बाजूस मुलांच्या तोंडचे शब्द, दुसऱ्या बाजूस पुस्तकातले लिहावेत: डोया-डोळा, केयी-केळी, कायी-काळी. जोड्या मुलांनीच सांगाव्यात. त्या पुष्कळ निघतात.

लेखनात मूल 'शाया' लिहील. त्याचा कान खरा आहे. त्याने ऐकले तेच लिहिले. पुस्तकात येथे ळ असतो, एवढे सांगून तो शब्द त्याच्याकडून एकदा लिहून घ्यावा. शुद्धलेखन घालताना मात्र शिक्षकाने स्वतःचा उच्चार तपासावा. याच मुलखात वाढलेल्या गुरुजींच्या तोंडूनही पुष्कळदा 'काया फया' असेच येते, आणि पाटीवर तेच उमटले म्हणून मुलाला बोल लागतो.