हात कधी काढायचा, ते आधी शिक

पोरी, लेकराला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक, कुणाचं चुकलं याची चर्चा. दुसरी, लेकराचं सगळं आपणच करून टाकायची सवय. पहिलीचा निकाल कधीच लागला आहे. आईच्या कोरडेपणामुळे लेकरू असं होतं, हे खूळ एकेकाळी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्याच डोक्यात होतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते मोडीत काढलं, आणि तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. तेव्हा सासूबाई, नणंदबाई, शेजारीण काही म्हणोत, ऐकून सोडून दे.

दुसरी सवय मात्र खरोखर नडते. वऱ्हाडात मायेला तोटा नाही. मिसरूड फुटलेल्या पोराला घास भरवणाऱ्या, त्याच्या पायजम्याचा नाडा बांधणाऱ्या आया अमरावतीतही भेटतात आणि अकोल्यातही. त्यांच्या कष्टात कसर नव्हती, कसं शिकवायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझी उभी हयात विशेष मुलांना शिकवण्यात गेली. मला माझ्या आधीच्या बाईंनी जे कानात सांगितलं, ते आता तुझ्या कानात सांगते.

शेवटाकडून सुरुवात कर

इलॅस्टिकची चड्डी घे. पाय तू घाल, मांड्यांपर्यंत तू चढव, आणि कमरेवर ओढायचं तेवढं त्याच्या हाताने होऊ दे. ते जमलं की मांडीपासून त्याने ओढायची, मग गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. पाय घालणं सगळ्यात शेवटी शिकव. असं केलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हाताने पुरं होतं, आणि पुरं झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. सुरुवातीपासून शिकवलं तर लेकरू पहिल्याच पायरीला अडतं, शाळेची रिक्षा दारात येते, तू चिडतेस आणि चड्डी तूच चढवतेस. ताटली घासणं, चादरीची घडी, डब्याचं झाकण लावणं, सगळ्याला हीच रीत.

समोर बसू नकोस, पाठीमागे उभी राहा

समोर बसून दाखवलंस तर त्याला तुझा हात उलटा दिसतो. पाठीमागून त्याच्या हातावर हात ठेव, म्हणजे त्याला त्याचेच हात काम करताना दिसतील. मग हळूहळू माघार घे. आधी तळहातावरचा हात मनगटावर आण, मग कोपरावर, मग खांद्यावर. त्यानंतर नुसती मागे उभी राहा, मग दारात, मग दाराबाहेर. कोणत्या आठवड्यात हात कुठे आहे ते कॅलेंडरवर लिहून ठेव. महिना झाला तरी हात मनगटावरच असेल, तर पायरी मोठी पडली आहे. तिचे दोन तुकडे कर. आणि तो हात झटकत असेल तर जबरदस्तीने धरू नकोस. थांब, दुसऱ्या वेळी कर.

तोंडाला कुलूप लाव

"गडवा घे, घे ना, अरे पाणी घे, डोक्यावर घे, असं नाही, असं!" न्हाणीतून येणारा हा आवाज मी घरोघरी ऐकला आहे. लेकराला एवढे शब्द एकदम झेपत नाहीत. शिवाय तोंडी सूचनेची सवय फार चिवट असते. हाताची मदत काढता येते, बोलण्याची काढणं त्याहून अवघड. मग पोरगा वीस वर्षांचा होतो आणि "आता साबण लाव" असं कुणी म्हणेपर्यंत ओल्या अंगाने उभा राहतो. माझ्या बाई म्हणायच्या, "अवं, एवढं काऊन बोलून राहिली? त्याच्या हाताले काम दे, कानाले नको."

शब्दांच्या जागी चित्रं दे. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी 1972 मध्ये टीच नावाचा कार्यक्रम उभा केला, त्याचा पाया हाच: जे सांगायचं ते नजरेला दिसेल असं मांडा. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. त्याच्याच बादलीचा, त्याच्याच गडव्याचा, साबणाचा, टॉवेलचा फोटो मोबाइलवर काढ, झेरॉक्सच्या दुकानात छापून लॅमिनेट करून घे आणि न्हाणीच्या भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला वरून खाली लाव. तो अडला तर बोलू नकोस, पुढच्या चित्राकडे बोट कर.

"फेस येईपर्यंत" म्हणू नकोस

आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्याला साबणाचा फेस धड येत नाही. "फेस आला की थांब" असं शिकवलेलं लेकरू तिथे चोळतच बसतं, नाहीतर रडतं. मोजून शिकव: एक हात, दहापर्यंत. दुसरा हात, दहापर्यंत. पाणीही मोजून: डोक्यावर तीन गडवे, पाठीवर दोन. "स्वच्छ झालास का?" याचं उत्तर त्याला देता येणार नाही, पण पाच गडवे झाले की नाही ते त्याला पक्कं कळतं.

पाण्याचं आणखी एक. आपल्याकडे अनेक घरांत नळ रोज येत नाही. ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी नळाखाली अंघोळ आणि इतर दिवशी बादलीतून, असं ठेवलंस तर त्याची घडी विस्कटते. नळ आला तरी अंघोळ बादलीतूनच.

तहान घड्याळाला बांध

या लेकरांपैकी अनेकांना भूक, तहान, लघवी या आतल्या खुणा उशिरा कळतात किंवा कळल्या तरी सांगता येत नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा "तहान लागली की पिईल" यावर विसंबू नकोस. त्याची बाटली वेगळी ठेव, तिच्यावर पेनाने रेघा मार आणि वेळ लिही: इथपर्यंत दहा वाजता, इथपर्यंत बारा वाजता. हे काम लवकर शिकतात, कारण रेघ दिसते.

कपड्यांचंही तसंच. नव्या गणवेशाची खळ, कॉलरमागचं लेबल, टेरिकॉटचा चटका, यांनी काही लेकरं हैराण होतात आणि आपण म्हणतो हट्टी आहे. लेबल काप, नवा कपडा दोनदा धुऊन मगच घाल, सुती घे. अंगाला टोचत असताना बटण लावणं शिकवू नकोस. आनंदात हात फडफडवत असेल तर फडफडवू दे. ते थांबवण्यात शक्ती घालवू नकोस, तीच शक्ती नाड्याच्या गाठीला लाव.

मामाच्या घरी पुन्हा शिकव

अमरावतीच्या घरात सगळं नीट करणारी पोरगी अकोल्याला मामाकडे गेली की न्हाणीच्या दारातच थबकते. बादली लाल, नळ डावीकडे, लाइटचं बटण बाहेर. ती विसरलेली नसते. तिच्यासाठी ते काम नवंच असतं. तिचा गडवा आणि चित्रांची पट्टी सोबत ने, पहिल्या दिवशी पाठीमागे उभी राहा. शौचालयाचं तर मुद्दाम शिकव: घरचं, आजोळचं, शाळेचं, एसटी स्टँडवरचं. जे एकाच ठिकाणी येतं ते अजून अर्धंच आलेलं आहे.

स्वयंपाकघरात विस्तवाआधी शेंगा

गॅस पेटवणं शेवटी. सुरुवात हिवाळ्यात तुरीच्या शेंगांनी कर. एका बाजूला शेंगांची टोपली, मधे लेकरू, दुसऱ्या बाजूला सोल्यांसाठी वाटी आणि टरफलांसाठी सूप. टोपली रिकामी झाली की काम संपलं, कुणी सांगायला नको. रात्री त्याच दाण्यांचा सोलेभात त्याच्या पानात वाढ आणि नेमकं सांग: "हे सोले तू काढलेस." नुसतं "शहाणं माझं बाळ" म्हटलंस तर कशाबद्दल म्हटलंस ते त्याला उमगत नाही. कुकरच्या शिट्टीला किंवा फोडणीच्या आवाजाला कान झाकत असेल तर आधी सांग, बाहेर जाऊ दे, शिट्टी झाली की परत बोलाव.

किराण्याला पाठवायचं तर पहिले काही महिने एकच जिन्नस, चिठ्ठी आणि मोजके पैसे. सुट्ट्या पैशांचा हिशेब नंतर. दुकानदाराला आधी सांगून ठेव की लेकरू बोलेपर्यंत थांबा, चिठ्ठी ओढून घेऊ नका.

मोठं होण्याची तयारी आधी कर

पाळी आल्यावर शिकवू नकोस, येण्याआधी शिकव. पॅड कधीमधी घालून त्याची सवय होऊ दे, चड्डीवर पॅडची जागा रंगीत दोऱ्याने टिपून दे, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं ते दाखव. मुलाला दाढीच्या मशीनचा आवाज आधी हातात धरून ऐकव, मग गालावर. कपडे बदलताना दार लावायचं, हा नियम पाचव्या वर्षापासून ठेव. पंधराव्या वर्षी एकदम लावलास तर त्याला शिक्षा वाटेल. अंघोळीला कोण मदत करेल त्या माणसांची नावं ठरव, इतर कुणाला "नाही" म्हणायला शिकव. ज्या लेकराला आपलं अंग आपण धुता येतं, त्याच्या अंगाला परक्याचा हात लागायचं कारणच कमी होतं.

आपल्याच जिल्ह्यात पाहून ये

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अनाथ, दिव्यांग लेकरं वाढवली. त्यांना आपलं आडनाव दिलं, 2024 मध्ये सरकारने बाबांना पद्मश्री दिली. तिथली सगळी लेकरं ऑटिझमची नाहीत, पण माझा मुद्दा वेगळा आहे. ज्यांना दुनियेने टाकून दिलं, त्यांनी तिथे झाडं लावली आणि जगवली. अठरा वर्षांनंतर अशा मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न बाबांनी सरकारपुढे लावून धरला. तो प्रश्न उद्या तुझ्याही दारात येणार आहे.

म्हणून कागद हलगर्जीपणे ठेवू नकोस. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये ऑटिझमची स्वतंत्र नोंद आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र काढ. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. आणि लेकरू अठरा वर्षांचं झालं की कायद्याने तू आपोआप त्याची पालक राहत नाहीस. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. तो वेळेवर कर.

शेवटचं. एका वेळी एकच काम निवड. पंधरा दिवस तेच, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच वस्तूंनी. घरात तू, त्याचा बाप, आजी, सगळ्यांनी एकाच पद्धतीने. आजी कौतुकाने नाडा बांधून देत असेल तर तिला हात जोडून सांग, "आई, त्याचं काम त्याले करू द्या." त्याला तासभर लागला तरी चालेल. सकाळी तासभर आधी ऊठ, पण ते काम तू करू नकोस.