ओढ्या-विहिरींत सोडलेले दूषित पाणी : पुरावा व तक्रार

कारखान्याचे सांडपाणी किंवा टँकरमधील टाकाऊ रसायन रात्रीच्या वेळी ओढ्या-नाल्यात सोडून देण्याचे प्रकार अनेक भागांत घडतात. सकाळी पाण्यावर फेस दिसतो, उग्र वास येतो, मासे मरून काठाला लागतात. दुपारपर्यंत तो प्रवाह पुढे निघून जातो. आठ दिवसांनी तक्रार केल्यास तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांना ओढ्यात नेहमीचेच पाणी दिसते व अर्ज निकालात निघतो. दूषित पाण्याबरोबर पुरावाही वाहून जातो. म्हणून तक्रार त्याच दिवशी व नोंदींसह करणे महत्त्वाचे आहे.

नुकसान कसे होते?

ऊस पट्ट्यातील परिचित उदाहरण म्हणजे मळीपासून मद्यार्क तयार करणाऱ्या आसवनीचे सांडपाणी, म्हणजेच स्पेंटवॉश. एक लिटर मद्यार्कामागे ते साधारणपणे ८ ते १५ लिटर निघते. त्याचा रंग गडद तपकिरी व सामू ४ ते ४.५ असतो. त्याची जैविक प्राणवायूची मागणी (बीओडी) लिटरला ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असते. नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे ३० मिलिग्रॅम आहे. यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरून मरतात. न प्रक्रिया केलेले पाणी खड्ड्यात साठविल्यास ते जमिनीत मुरून विहिरींत उतरते. अशा विहिरीच्या पाण्यातील क्षार वाढतात.

"हे तर खतच आहे" असे टँकरचालक कधी कधी सांगतात. स्पेंटवॉशमध्ये पालाश भरपूर असते व प्रेसमडबरोबर शास्त्रीय पद्धतीने कुजविल्यास त्यापासून खत होते, हे खरे. परंतु ओढ्यात किंवा पडीक जमिनीत कच्चे सोडलेले स्पेंटवॉश म्हणजे खत नव्हे.

कायद्यातील तरतूद

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषणकारी पदार्थ सोडण्यास मनाई आहे. 'प्रवाह' या शब्दात नदी, तात्पुरता कोरडा पडलेला ओढा आणि भूगर्भातील पाणीही येते. त्यामुळे "ओढा कोरडाच होता" हा बचाव टिकत नाही. सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगास कलम २५ नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते. त्यात सांडपाण्याचे प्रमाण व विल्हेवाटीची पद्धत नमूद केलेली असते.

पहिल्या दिवशी काय करावे?

१) तारीख, वेळ, गट क्रमांक, पाण्याचा रंग, वास व प्रवाहाची दिशा वहीत लिहून ठेवावी. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात.

२) छायाचित्रे काढावीत. त्यात पूल, विजेचा खांब अशी जागेची खूण दिसावी.

३) टँकर दिसल्यास दुरूनच त्याचा क्रमांक टिपावा व ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. टँकर अडवू नये, जवळ जाऊ नये. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळील सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायन बेकायदा नाल्यात सोडताना विषारी वायू तयार झाला व सहा कामगारांचा मृत्यू झाला.

४) पाण्यापासून धोका नाही अशी खात्री असेल तरच नमुने घ्यावेत. पाणी जेथे मिसळते त्याच्या वरच्या बाजूचा, मिसळण्याच्या जागेचा व खालच्या बाजूचा असे तीन नमुने असावेत. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, चिठ्ठी लावावी व बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी.

५) ते पाणी पिण्यास, जनावरांना व पिकांना देणे बंद करावे. जनावर दगावल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदनाचा अहवाल घ्यावा.

६) पीक किंवा विहिरीचे नुकसान झाल्यास तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) व कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांना लेखी कळवून पंचनाम्याची मागणी करावी.

आपण घेतलेला नमुना तक्रारीला बळ देतो, परंतु कारखान्याविरुद्ध कायदेशीर कारवाईसाठी तो पुरेसा होत नाही. त्यासाठी मंडळाच्या अधिकाऱ्यांनी कलम २१ मधील रीतीने घेतलेला सांडपाण्याचा नमुना लागतो. ही रीत पाळली नसेल तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. म्हणून अर्जात "त्वरित नमुने घ्यावेत" ही मागणी असलीच पाहिजे.

तक्रार कोणाकडे करावी?

मुख्य अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक अधिकाऱ्यांकडे द्यावा. प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार व ग्रामपंचायतीस द्याव्यात. पिण्याच्या पाण्याची विहीर बाधित झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रासही कळवावे. आधी दूरध्वनी करून त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. पोच नसेल तर तक्रार केल्याचे पुढे सिद्ध करता येत नाही.

अर्जाचा नमुना

"मौजे ......, ता. ......, जि. ...... येथील गट क्र. ...... लगतच्या ओढ्यात दि. ...... रोजी ...... वाजता ...... रंगाचे, उग्र वासाचे पाणी वाहताना आढळले. ते ...... या बाजूने येत होते. त्यामुळे ...... विहिरी व ...... हेक्टर क्षेत्र बाधित झाले आहे. तरी त्वरित जागेची पाहणी करून नमुने घ्यावेत, पंचनामा करावा व अहवालाची प्रत आम्हास द्यावी. सोबत : छायाचित्रे, साक्षीदारांच्या सह्या."

अर्जात जे पाहिले तेवढेच लिहावे. पाणी कोणाचे हे प्रत्यक्ष पाहिले नसेल तर कारखान्याचे नाव न घालता ते कोणत्या दिशेने आले एवढेच नमूद करावे. शक्यतो बाधित शेतकऱ्यांनी मिळून एकच अर्ज द्यावा.

दाद न लागल्यास

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून संमतिपत्राची, पाहणी अहवालाची व नमुन्यांच्या निष्कर्षाची प्रत मागावी. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कलम ३३-अ नुसार मंडळास उद्योग बंद करण्याचे, तसेच त्याचे पाणी व वीज तोडण्याचे निर्देश देता येतात. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे आहे. तेथे भरपाईच्या अर्जास पाच वर्षांची मुदत आहे. पर्यावरणविषयक इतर वादांसाठी मात्र ती केवळ सहा महिने आहे.

ही दक्षता किती मोलाची आहे हे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावावरून कळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील रसायन कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला व त्यातील विष मुरून विहिरींचे पाणी लालसर झाले. कारखाने बंद झाले, पण पाणी सुधारले नाही. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तरीही पैशाच्या वसुलीचा वाद २०११ पर्यंत चालू होता. ओढ्यातील पाणी एका पावसाळ्यात बदलते, भूगर्भातील पाण्याला अनेक वर्षे लागतात. ओढ्याला वेगळा रंग दिसला की त्याच दिवशी नोंद करावी, नमुना घेण्याची मागणी करावी व पोच जपून ठेवावी.