संगमावरची रापण

मालवणच्या दक्षिणेस देवबाग हे गाव वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि मध्ये माडांच्या सावलीत घरे. सह्याद्रीवरून उतरलेली ही नदी गावाच्या दक्षिण टोकास वळसा घालून सागरास मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे गाव दिसते.

दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा खारे पाणी नदीत शिरते आणि नदी जणू उलटी वाहू लागते. नदीने आणलेल्या गाळावर सूक्ष्म जीव पोसतात व त्यांवर लहान मासे जगतात. म्हणून अशा मुखाजवळ मासळीचा वावर असतो.

येथील गाबीत मच्छीमारांची जुनी रीत म्हणजे रापण. दोराचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात जाते. जाळे सोडीत ती मोठे अर्धवर्तुळ घेते आणि काही अंतरावर दुसरे टोक घेऊन परतते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. टाचा वाळूत रोवून ती ओढू लागतात. ओढता ओढता रांगा एकमेकींजवळ सरकतात. भिजलेले जाळे जड असते. एकट्यादुकट्याचे ते कामच नव्हे! शेवटी तारली, बांगडे उन्हात चमकू लागतात. तेथेच मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. दोराला हात लावणारे पोरही सहसा रिकाम्या हाताने घरी जात नाही.

परंतु रापणीला मासळीच्या मागे धावता येत नाही. मासळी किनाऱ्याजवळ आली, तरच ती जाळ्यात सापडते. यंत्रनौकांनी थवेच्या थवे बाहेरच उचलले, तर तासन् तास ओढलेले जाळे जवळजवळ रिकामे येते. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. तरीही हद्दीवरून तंटे होतच राहिले.

दुसरे संकट पायांखालचेच आहे. पावसाळ्यात लाटा ही पट्टी कुरतडतात, माड उन्मळून पडतात. घरे वाचावीत म्हणून किनाऱ्यावर दगडी बंधारे घातले गेले. ते आवश्यक होते, यात शंका नाही. मात्र रापण ओढावयास मोकळी वाळू लागते. दगडांवरून जाळे ओढता येत नाही, ते फाटते.