दुकान काढण्याआधी

अगं, एम.एस्सी. केमिस्ट्री करून तू न्यू जर्सीतल्या एडिसनला पोळी-भाजीचं दुकान काढतेस म्हणून तुझी आई खट्टू झाली आहे. मला मुळीच वाईट वाटत नाही. तुझं शिक्षण तिथेही कामाला येणार आहे. कसं, ते सांगते.

सगळ्यात आधी तापमान. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर ठेवायचा, थंड ४१च्या खाली. उरलेली आमटी दोन तासांत ७०वर आणि त्यापुढच्या चार तासांत ४१वर आली पाहिजे. आपण घरी पातेलं झाकून ओट्यावर ठेवून देतो; मोठ्या पातेल्यात मध्यभागची आमटी कितीतरी तास कोमटच राहते. उथळ ट्रेमध्ये ओत, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेव, आणि थर्मामीटरचा आकडा वेळेसकट वहीत टिपून ठेव. प्रयोगवही लिहायचा हात तुला आहेच. इन्स्पेक्टरसमोर इंग्रजी अडखळलं तरी ती वही बोलेल.

दुसरं, ॲलर्जी. शेंगदाणा इथे सगळ्यांना माहीत असतो, पण १ जानेवारी २०२३पासून तीळही प्रमुख ॲलर्जनांच्या यादीत आले, नववे. आपल्या गोडा मसाल्यात तीळ असतात, म्हणजे पाकीटबंद मसाल्यावर ते छापायलाच हवेत. आणि हिंगाची डबी उलटून वाच: बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. भाजीत गहू नाही असं गिऱ्हाइकाला सहज सांगशील आणि कुणाच्या तरी जिवावर बेतेल. लेबल वाचायचा आळस कधी करू नकोस.

सुरुवात घरून करू का, असं विचारलं होतंस. न्यू जर्सीत ऑक्टोबर २०२१पासून परवाना काढून घरी भाजलेलं विकता येतं, वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत. पण फ्रिजशिवाय टिकेल तेच. नानखटाई चालेल, डबा नाही.

पैशाचं थोडक्यात. ईआयएन, म्हणजे धंद्याचा करासाठीचा ओळख क्रमांक, आयआरएस या करखात्याकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नकोस. तयार जेवणावरचा ६.६२५ टक्के विक्रीकर सरकारचा असतो. तो रोज वेगळ्या खात्यात टाक, भाजी आणायला त्यातला पैसा उचलू नकोस. आणि भाडेकरारात पर्सनल गॅरंटी दिसली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. धंदा बसला तरी ते भाडं तुझ्या घरावर येतं.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते. ती इथे फार महाग पडते, गं. स्कोअर नावाची संस्था १९६४पासून आहे, अनुभवी व्यावसायिक मोफत सल्ला देतात. रटगर्सच्या आधाराने चालणारं लघुउद्योग विकास केंद्रही आहे. तिथे जा, आणि हिशेबाचा कागद नेलास तर ते नेमकं सांगतील.

आणि दुकान काढण्याआधी काही महिने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबून बघ. दुपारच्या गर्दीत पन्नास डबे एका वेळी कसे भरतात, हे कुठल्याच वर्गात कळत नाही. तिथे सोबत काम करणारे बरेचजण स्पॅनिश बोलणारे असतील. त्यांच्याकडून कामापुरती स्पॅनिश शीक. गरम तवा घेऊन कुणामागून जाताना 'कालिएंते' म्हणून मोठ्याने ओरडायचं, तिथूनच सुरुवात कर.